बोरीबंदर ते ठाणे टाळण्यासाठी

दख्खनच्या राणीत बसायचं, चीज टोस्ट मागवायचा, खंडाळ्याच्या घाटात खिडकीला नाक लावायचं आणि सव्वातीन तासांत पुण्याला उतरायचं. लोहमार्गाने हे अंतर १९२ किलोमीटर. आता एक करा. हा अख्खा पट्टा, घाट-बोगद्यांसकट, उचला आणि इजिप्तच्या वाळवंटात उत्तर-दक्षिण अंथरा. दोन्ही टोकं समुद्राला जोडा, आत खारं पाणी सोडा. झाला सुएझ कालवा तयार! त्याची लांबी १९३ किलोमीटर. फरक एका किलोमीटरचा. पुणे स्टेशनात उतरून ससूनपर्यंत चालत गेलात की कालवा संपला.

मुंबई-पुण्याएवढ्या या पाण्याच्या गल्लीतून जगाच्या एकूण व्यापारातला साधारण १२ टक्के माल जायचा. नुसत्या कंटेनरांचं विचाराल तर जवळजवळ ३० टक्के. जगात फिरणाऱ्या दर दहा कंटेनरांपैकी तीन इथून! २०२३ साली या गल्लीतून २६,४३४ जहाजं गेली. भागा ३६५ने. दिवसाला ७२. म्हणजे दिवसरात्र, दर वीस मिनिटांना एक जहाज. मेगाब्लॉकच्या रविवारी आपल्या लोकलची जी गत असते, तेवढ्या अंतराने एकामागून एक महाकाय जहाजं.

महाकाय हा शब्द आपण फार उधळतो, म्हणून जरा मोजूनच घेऊ. ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज घ्या. लांबी ४०० मीटर. सोळा-सतरा डब्यांची एक्स्प्रेस गाडी इंजिनासकट उभी केली की होते तेवढी. पण गाडीची रुंदी सव्वातीन मीटर, आणि हिची ५९ मीटर! बारा लोहमार्ग शेजारीशेजारी टाकता येतील एवढा हिचा डेक. त्यावर आणि त्याखाली वीस फुटी कंटेनर मावतात २०,१२४. हे कंटेनर उतरवून एकाला एक लावत रस्त्यावर मांडले तर ओळ होते सुमारे १२२ किलोमीटरची. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आहे ९४.५ किलोमीटरचा. एक्स्प्रेसवे संपेल, कंटेनर संपणार नाहीत!

बरं, हे सगळं रेल्वेने न्यायचं ठरवलं तर? आपली साधी कंटेनर मालगाडी ४५ वाघिणींची. एका वाघिणीवर दोन कंटेनर, म्हणजे गाडीत ९०. एक जहाज रिकामं करायला २२४ मालगाड्या. आणि ‘एव्हर गिव्हन’ काही सर्वांत मोठं जहाज नाही. २०२५च्या जूनमध्ये केरळात विळिंजमला ‘एमएससी इरिना’ येऊन गेली. तिची क्षमता २४,३४६. तिला मालगाड्या लागतील २७१. एक मालगाडी साधारण पावणेसातशे-सातशे मीटर लांब. या २७१ गाड्या एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक लावून उभ्या करा. पहिलीचं इंजिन पुणे स्टेशनाच्या तोंडाशी, तर शेवटचा डबा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसात! मुंबई-पुण्याचा एक अख्खा मार्ग फक्त एका जहाजाच्या पोटातल्या मालाने भरून जातो. आणि हे जहाज चालवायला माणसं किती? ‘एव्हर गिव्हन’वर होती २५. सगळी भारतीय. माणशी आठशे कंटेनर. आमच्या सोसायटीत चाळीस घरांना तीन वॉचमन आहेत आणि तरी दुधाच्या पिशव्या चोरीला जातात.

इंजिनाचं तर विचारू नका. नाही, विचाराच! २००६ साली मर्स्क कंपनीने पाण्यात सोडलेल्या ‘एमा मर्स्क’चं मुख्य इंजिन १,०९,००० अश्वशक्तीचं होतं. आपल्या मेल-एक्स्प्रेस ओढणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन ६,३५० अश्वशक्तीचं. म्हणजे अशी सतरा इंजिनं एका पोटात. त्या यंत्राचं नुसतं वजन २,३०० टन.

आता असं धूड मुंबई-पुण्याएवढ्या गल्लीत आडवं पडलं तर काय होतं, ते जगाने २३ मार्च २०२१ला पाहिलं. ‘एव्हर गिव्हन’ वाऱ्यात फिरली, नाक एका काठात, शेपूट दुसऱ्या काठाशी. सहा दिवस. तिच्याभोवतीची सुमारे ३०,००० घनमीटर वाळू उपसावी लागली. आपल्याकडची वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर घेतली तर तिचं पोट भरतं सुमारे ३५५ घनमीटरला. म्हणजे ८४ विहिरी! एका मोठ्या गावाच्या सगळ्या शिवाराला पुरतील एवढ्या विहिरी, एका जहाजाच्या नाकाखालून. आणि ‘मशहूर’ नावाचं जे वाळू उपसणारं जहाज तिथे लावलं होतं त्याची ताकद होती तासाला २,००० घनमीटर. दहा-अकरा मिनिटांना एक विहीर. आमच्या मामांची विहीर खणायला दोन उन्हाळे गेले होते.

तेवढ्या वेळात मागे-पुढे चारशेवर जहाजं खोळंबली. ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजधंद्यातल्या जुन्या पत्राने अंदाज बांधला की दिवसाला ९६० कोटी डॉलरचा माल अडकतोय. त्या वेळच्या भावाने ७०,००० कोटी रुपये. रोज! मुंबई महापालिकेचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प होता ३९,००० कोटींचा. महापालिकेचा पावणेदोन वर्षांचा कारभार एका दिवसात अडकला म्हणा. पाचशेच्या नोटा मांडायच्या तर १४० कोटी नोटा. शंभर नोटांची गड्डी सेंटीमीटरभर जाड धरली, तर थप्पी होते १४० किलोमीटर उंच. मुंबई-पुणे रस्ता आभाळात उभा केल्यासारखी. एका दिवसाची! सहा दिवसांची तुम्हीच करा, माझी मान दुखली.

पण सहा दिवसांचं अडणं म्हणजे दाराला कडी लागणं. ती निघते. खरा पेच पडला अडीच वर्षांनी, आणि तोही कालव्यात नाही तर कालव्याच्या खालच्या तोंडाशी. सुएझमधून दक्षिणेकडे निघालं की तांबडा समुद्र, आणि तांबड्या समुद्रातून बाहेर पडायचं दार म्हणजे बाब-अल-मंदब. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला आफ्रिका. या दाराची रुंदी अरुंदात अरुंद जागी साधारण २९ किलोमीटर. १८५३ साली आपली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटर. म्हणजे आशिया-युरोपचा बहुतेक समुद्री व्यापार ज्या फटीतून जायचा ती बोरीबंदर-ठाण्याहून कमी रुंदीची! मुलुंडच्या आधीच संपली म्हणा ना.

१९ नोव्हेंबर २०२३. येमेनमधले हूथी बंडखोर गाझातल्या युद्धाचा हवाला देत हेलिकॉप्टरमधून ‘गॅलक्सी लीडर’ या मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजावर उतरले आणि २५ खलाशांसकट जहाज पळवून घेऊन गेले. मग ड्रोन, मग क्षेपणास्त्रं. इथला एक हिशेब तर चक्रावून टाकतो. ड्रोनची किंमत काही हजार डॉलर. तो पाडायला युद्धनौकेवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राची किंमत वीस लाख डॉलरच्या घरात. वीस लाख डॉलर म्हणजे साडेसोळा कोटी रुपये. डास मारायला दर वेळी नवा बंगला फेकून मारावा, तसं.

चला, आता तुम्ही कोपनहेगनला चला. मर्स्कच्या मुख्य कचेरीतली मोठी खुर्ची ओढा आणि बसा. देश डेन्मार्क, लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, आपल्या पुणे जिल्ह्याहून कितीतरी लहान. पण तुमच्या हाताखाली सातशेच्या वर जहाजं आणि एक लाखाच्या आसपास माणसं. १४ डिसेंबरला तुमच्याच ‘मर्स्क जिब्राल्टर’च्या जवळून क्षेपणास्त्र गेलंय. टेबलावर नकाशा. रस्ते दोन. बोला, कुठून जायचं?

रस्ता पहिला, नेहमीचा: बाब-अल-मंदब, तांबडा समुद्र, सुएझ. मोठ्या जहाजाला कालव्याचा टोल बसतो साधारण पाच ते सात लाख डॉलर. मधला आकडा धरू, सहा लाख. पाच कोटी रुपये. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला मोटारीचा टोल २०२३मध्ये होता ३२० रुपये. म्हणजे एका जहाजाच्या टोलमध्ये दीड लाखाहून जास्त मोटारी पुण्याला पोचतात! ऐकून छातीत धस्स होतं ना? थांबा. पाच कोटी भागिले वीस हजार कंटेनर. कंटेनरमागे अडीच हजार रुपये. एवढ्यात आपल्या घरचं सामान शेजारच्या गल्लीतसुद्धा हलत नाही. मोठ्या जहाजाची सगळी गंमत या भागाकारात आहे. अंशाचा आकडा भयंकर असतो, पण छेदही राक्षसच असतो.

टोल तर नेहमीचाच. नवीन आला तो युद्धजोखमीचा विमा. शांततेच्या दिवसांत हा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या अगदी किरकोळ भागाएवढा असतो, हिशेबात दिसतसुद्धा नाही. हल्ले वाढले तसा तो एक टक्क्याकडे सरकला. एकच टक्का! पण जहाज समजा १५ कोटी डॉलरचं आहे. त्याचा एक टक्का १५ लाख डॉलर. साडेबारा कोटी रुपये, एका वेळच्या ओलांडणीचे. टोल मिळवा. साडेसतरा कोटी.

रस्ता दुसरा: खाली, खाली, आणखी खाली, अख्ख्या आफ्रिकेला वळसा, केप ऑफ गुड होप, मग पुन्हा वर. वास्को द गामाचा रस्ता. सिंगापूरहून रॉटरडॅमला जाताना याने अंतर वाढतं सुमारे ६,५०० किलोमीटर. मुंबई-पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटर धरा, तर ४३ खेपा. २१ वेळा पुण्याला जाऊन परत या आणि मग एकदा जा. वेळ वाढतो दहा ते चौदा दिवस. जादा इंधन लागतं जाऊन-येऊन दहा लाख डॉलरपर्यंत, एका बाजूचे पाच लाख. चार कोटी रुपये.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जवळचा रस्ता साडेसतरा कोटी. लांबचा चार कोटी!

मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा कुठे शून्य चुकलं म्हणून परत तपासलं. चुकलं नव्हतं. अर्थात लांबच्या रस्त्यात जहाज जास्त दिवस गुंततं, त्याचं भाडं, खलाशांचे पगार, ते सगळं वर येतं आणि फरक बराच कमी होतो. शिवाय मालावरचं व्याज. जहाजात शंभर कोटी डॉलरचा माल आहे आणि तो वर्षाला ७.३ टक्के व्याजाच्या पैशांतून घेतलाय असं समजू, हिशेब सोपा पडतो म्हणून. दिवसाचं व्याज दोन लाख डॉलर. दहा दिवसांचं वीस लाख. साडेसोळा कोटी रुपये नुसते लाटांवर हलत बसले. पण हे व्याज कोणाच्या खिशातून जातं? मालवाल्याच्या. जहाजवाल्याच्या नाही! कोपनहेगनच्या खुर्चीतून हा आकडा फार लांबचा, धूसर दिसतो. इथेच मला वाटतं या सगळ्या प्रकरणाची मेख आहे: एकाच समुद्रात, एकाच जहाजावर दोन वेगवेगळे हिशेब प्रवास करत असतात.

आणि निर्णय काही एका बैठकीत होत नाही. मर्स्कचे तीन आठवडे पाहा. १५ डिसेंबरला जहाजं थांबवली. १८ला अमेरिकेने नौदलांची संयुक्त मोहीम जाहीर केली. २४ डिसेंबरला मर्स्क म्हणाली, परत जायची तयारी करतो. ३० डिसेंबरला ‘मर्स्क हांगझोउ’वर क्षेपणास्त्र आदळलं, दुसऱ्या दिवशी चार छोट्या बोटी तिच्या अंगावर धावून आल्या आणि अमेरिकी हेलिकॉप्टरांनी त्यातल्या तीन बुडवल्या. २ जानेवारीला पुन्हा थांबा. ५ जानेवारीला ठरलं, आता सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालूनच. तीन आठवड्यांत नाही, हो, नाही. लग्नाच्या बोलणीतसुद्धा एवढ्या कोलांट्या होत नाहीत. सगळ्यांनीच असं केलं असंही नाही. मार्सेयच्या सीएमए सीजीएम कंपनीने फ्रेंच नौदलाच्या सोबतीने काही जहाजं तांबड्या समुद्रातूनच नेली. तोच नकाशा, तेच आकडे, उत्तर वेगळं. कारण त्यांच्या दाराशी त्यांच्या देशाची युद्धनौका उभी राहत होती.

खरी मजा पुढे आहे, आणि ती कळायला एसटीच्या डेपोत जावं लागेल. समजा दादर-पुणे दर तासाला एक गाडी सुटते. जाऊन-येऊन आठ तास लागतात. तर तासाला एक सोडायला गाड्या हव्यात आठ. आता घाट बंद झाला आणि गाड्या नाशिकवरून फिरवायच्या झाल्या. फेरी झाली सोळा तासांची. दर तासाची गाडी चालू ठेवायची तर गाड्या किती? सोळा! प्रवासी तेवढेच, तिकिटं तेवढीच, गाड्या दुप्पट. जहाजांचंही असंच आहे. आशिया-युरोप मार्गावर दर आठवड्याला ठरल्या वारी जहाज सुटतं. फेरी बारा आठवड्यांची असेल तर बारा जहाजं पुरतात. वळशाने ती चौदा-पंधरा आठवड्यांची झाली की चौदा-पंधरा लागतात. दर मार्गाला दोन-तीन चारशेमीटरी धुडं जास्तीची! संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास परिषदेने हिशेब केला की या वळशाने जगातली कंटेनर जहाजांची मागणीच १२ टक्क्यांनी वाढली. मर्स्कने २०२४च्या मे महिन्यात सांगितलं की एका फेरीला ४० टक्के जास्त इंधन जळतंय आणि आम्ही सव्वा लाख जादा कंटेनर भाड्याने घेतलेत. सव्वा लाख! ओळीने मांडा. साडेसातशे किलोमीटर. मुंबईहून नागपूरच्या वाटेवर अमरावती मागे पडते तेव्हा कुठे शेवटचा दिसेल.

मग कंपनी बुडाली असेल?

इथे जरा मागे जाऊ. २०२२ साली, कोविडनंतरच्या धुमाकुळात, मर्स्कने निव्वळ नफा कमावला होता २,९३० कोटी डॉलर. त्या वेळचे सुमारे २ लाख ३० हजार कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारची त्या वर्षीची महसुली जमा अर्थसंकल्पात धरली होती चार लाख कोटींच्या आसपास. बारा कोटींवर लोकांच्या राज्याच्या जमेच्या निम्म्याहून जास्त, एका कंपनीचा नफा! मिनिटाला ४४ लाख रुपये. तुम्ही टपरीवर कटिंग मागवून पिऊन होईस्तोवर, पाच मिनिटं धरा, सव्वादोन कोटी. आणि मग भाव कोसळले. जहाजं उदंड झाली, माल तेवढाच. २०२३च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला मर्स्कने जाहीर केलं की १०,००० नोकऱ्या कमी करतो. ‘गॅलक्सी लीडर’वर हेलिकॉप्टर उतरलं ते त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी.

जादा झालेली जहाजं वळशाने गिळून टाकली. शांघायहून रॉटरडॅमला चाळीस फुटी कंटेनरचा भाव नोव्हेंबरात होता हजार-बाराशे डॉलर, जानेवारीच्या अखेरीस तो पोचला पाच हजारांच्या उंबऱ्याशी. म्हणजे ३,८०० डॉलर जास्त. जहाजात असे दहा हजार चाळीस फुटी मावतात. गुणा. ३ कोटी ८० लाख डॉलर. ३१५ कोटी रुपये, एका खेपेत! सगळा माल त्या दिवसाच्या बाजारभावाने थोडाच जातो, बराच आधीच्या करारांनी जातो, परतीच्या खेपेत निम्मे डबे रिकामेही असतात. निम्म्याचा निम्मा करा, हवं तर त्याचाही निम्मा करा. ३९ कोटी राहतात, आणि जादा इंधनाचे लागतात चार. फेब्रुवारी २०२४मध्ये मर्स्कने भागधारकांना सांगितलं होतं, यंदा ५०० कोटी डॉलरपर्यंत तोटासुद्धा होऊ शकतो. त्या दिवशी शेअर आपटला. मग वर्षभर त्या अंदाजावर खाडाखोड होत गेली, दर वेळी वरच्या दिशेने. वर्ष संपलं तेव्हा हातात होता ६५० कोटी डॉलरचा नफा, कर आणि व्याज वजा करण्याआधीचा. तोट्याच्या त्या टोकापासून नफ्याच्या या टोकापर्यंत १,१५० कोटी डॉलरची उडी. ९५,००० कोटी रुपये. आपल्या अटल सेतूला सुमारे १७,८४० कोटी लागले. पाच अटल सेतू, आणि सहाव्याचा पायासुद्धा!

पैसे कुठून तरी येतात तेव्हा कुठून तरी जातात. इजिप्तकडे बघा. २०२३मध्ये कालव्याने कमावले १,०२५ कोटी डॉलर, २०२४मध्ये ३९९ कोटी. जहाजं २६,४३४वरून १३,२१३वर. वीस मिनिटांना एक जायचं ते चाळीस मिनिटांना एक. वर्षात बावन्न हजार कोटी रुपये पाण्यात गेले, किंवा खरं तर पाण्यातून आले नाहीत. बर्लिनजवळचा टेस्लाचा कारखाना सुटे भाग न पोचल्याने २९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी बहुतांश बंद राहिला. बेल्जियममधल्या गेंटला व्हॉल्व्होचा कारखाना तीन दिवस थांबला.

आणि नेमका जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे नाशिकच्या द्राक्षांचा युरोप हंगाम. चाळीस फुटी थंड कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं बसतात, पाच किलोची २,६०० खोकी. ती न्हावा-शेव्याहून निघतात. न्हावा-शेव्याच्या बंदराने २०२३-२४मध्ये ६४ लाखांवर कंटेनर हाताळले. दिवसाला साडेसतरा हजार, म्हणजे देशातलं एक आघाडीचं कंटेनर बंदर अख्खा दिवस राबून एक ‘एव्हर गिव्हन’ भरेल न भरेल! पोलादाच्या पट्टीला दहा-पंधरा दिवस जास्त लागले तर ती आळस देते आणि पडून राहते. द्राक्षाचा मणी असा राहत नाही. देठ हिरवा असेपर्यंतच त्याला युरोपात मान. बागायतदाराला कोपनहेगनच्या टेबलावरचा नकाशा कोणी दाखवला नव्हता, पण त्या वळशाचे दिवस त्याच्या देठांनी मोजले.

कालवा याआधीही बंद पडलेला आहे, आणि तेव्हा तो १९६७ ते १९७५ असा आठ वर्षं बंद होता. पंधरा जहाजं आत अडकून वाळवंटाच्या धुळीने पिवळी झाली. कंपन्यांच्या स्मरणात ते असावं, कारण या वेळी त्यांनी ‘उद्या उघडेल’ या भरवशावर काम केलं नाही. मर्स्क आणि जर्मनीच्या हापाग-लॉइडने मिळून ‘जेमिनी’ नावाचं जे जाळं २०२५च्या फेब्रुवारीत सुरू केलं, त्याची वेळापत्रकं त्यांनी दोन बनवली. एक सुएझचं, एक केपचं. सुएझच्या वेळापत्रकाला जहाजं लागणार होती सुमारे ३०० आणि क्षमता ३४ लाख कंटेनरांची. केपच्या वेळापत्रकाला ३४० जहाजं, ३७ लाख. मला या सबंध कहाणीतली ही सर्वांत थक्क करणारी वजाबाकी वाटते. चाळीस जहाजं! तीन लाख कंटेनरांची जागा! ओळ लावली तर १,८०० किलोमीटर, मुंबईहून दिल्ली गाठून वर आणखी चारशे. एवढा सगळा पसारा फक्त एका ‘जर तर’पोटी. आणि त्यांनी निवडलं केपचं.

आता शेवटचं गणित. पट्टे आवळून बसा.

एक साप्ताहिक मार्ग घ्या. फेरीला जादा अंतर जाताना ६,५००, येताना ६,५००. तेरा हजार किलोमीटर. आठवड्याला एक, वर्षाच्या ५२. गुणाकार ६,७६,०००. चंद्र आहे ३,८४,००० किलोमीटरवर. एकच मार्ग, एकच वर्ष, फक्त जादाचं अंतर, आणि जहाजं चंद्रावर जाऊन पाऊणवाट परत आली!

असा एक मार्ग नाही, कितीतरी आहेत. कालव्यातून २०२४मध्ये गायब झालेली जहाजं १३,२२१. सगळीच काही केपला गेली नसतील, काहींनी माल दुसरीकडे वळवला, काही घरीच बसली. निम्मीच गेली समजू. ६,६००. गुणिले ६,५०० किलोमीटर. पेन्सिल धरा. चार कोटी एकोणतीस लाख किलोमीटर.

शुक्र जवळात जवळ येतो तेव्हा आपल्यापासून सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो.

शुक्रावर पोचली की हो जहाजं! मोबाइल, टीव्ही, चपला, चहा, सोफे आणि नाशिकची द्राक्षं घेऊन, एका वर्षात, पाण्यावरून, थेट शुक्रावर. आणि हे सगळं कशासाठी? बोरीबंदर ते ठाणे एवढीही रुंदी नसलेली एक फट टाळण्यासाठी.